दारं उतरवल्यावर

आमच्या सिरसाळ्याच्या घरात नवरा-बायकोचं लई वाजलं ते किचनच्या कपाटांवरून. दारं पाण्यानं फुगलेली. मी म्हणलो, "सगळंच नवं करू." बायको म्हणली, "आतलं चांगलं हाय, नुसती दारं बदला." कसंबी केलं तरी दारं निघणारच, म्हणून सुतार ती उतरवून घेऊन गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन समोर उभी! या घरात आल्यापासून तिनं गॅस पेटवला नव्हता. मी म्हणलो, "आई, तू कशापायी केला?"

"आता जुन्या मांडणीवानी समदं दिसतंय, बाबा. साखर कुठं हाय, हे सुनंला रोज किती विचारावं?"

माझ्याआधी बायकोनंच सुताराला फोन लावला. "दादा, दारं आणूच नका."