चहातला कडूपणा

सुरतेतल्या एका कॅन्सर रुग्णालयात बाकावर माझ्या शेजारी नवागामचं जोडपं बसलं होतं. मालतीबाईंवर उपचार चालू होते. छगनराव सचिन औद्योगिक वसाहतीतल्या एका कापड मिलमध्ये वॉचमन. त्यांनी काढ्याची बाटली बायकोपुढे धरली.

"घे ना काढा. पांढऱ्या पेशी वाढतील."

"काल डॉक्टर काय म्हणाले? त्यातल्याच काही गाठीला फितूर होतात, तिला पसरायला वाट करून देतात."

"त्या शरीराच्या वॉचमन. वॉचमन कसा फितूर होईल?"

"मग तुमच्या मिलमधले कापडाचे ताके चोरांना बाहेर कोणी काढून दिले?"

"तो दुसऱ्या शिफ्टचा होता!"

"गेट त्यानेच उघडलं ना? विचारल्याशिवाय काहीही घ्यायचं नाही, असं बजावलंय डॉक्टरांनी."

"मग सांगूच नको. ओरडतील."

"ओरडू द्या. आठ दिवस मला काढा पाजला, हे तुम्हीच सांगायचं."

"आठच दिवस नाही."

"म्हणजे?"

"आधी तू नाही म्हणायचीस. म्हणून दिवाळीपासून चहात घालत होतो."

"अहो, चहा कडू लागतो म्हटलं, म्हणून डॉक्टरांनी माझी गोळी बदलली!"

"मला काय माहीत?"

"मालतीबेन, अंदर आवो!" नर्सने दारातून हाक मारली.

"उठा. बाटली घ्या. आत गेल्यावर आधी तुम्ही बोलायचं."