फॉल लावलेली साडी

बहिणीला दिलेली साडी दुसरीच्याच अंगावर कशी जाती, मावशी? — सांगा की. तुम्ही दिवसभर साड्याच बघता, तुम्हाला ठावं असंल. पयली साडी घेतली तवापासून इचारतोय, कुणी सांगितलं नाय. — नाय, नाय, मशीन थांबवू नका, मी आपला बोलतो. तोंड बंद ठिवलं का मला आज कसंतरीच व्हतंय. पिको दोन्ही टोकांना, आन फॉल. ही हिरवी जुळतीय का रंगाला? तुम्ही म्हणता तर जुळती. मला रंगातलं काय कळतंय, मी पंक्चरवाला. क्रांती चौकाच्या अलीकडं उस्तादाचं दुकान हाय, तिथं टायर खोलायला असतो. म्हणून तर साडीला हात लावंना मी. तीनदा धुतले, रॉकेलनं धुतले, हे बघा — नखातलं निघतच नाय. साडीच्या दुकानात बी त्यालाच म्हणलं, पिशवीत तूच टाक बाबा.

फॉल आधी भिजवावी लागती? आटती म्हणता? नको, भिजवू नका. ह्या साडीला परत धुणं नाय. आटायची ती कवा — म्हणजे तशीच लावा, कोरडी. बिडकीनला माणसं थांबलीत. उस्तादाची गाडी घेऊन आलोय, बाहेर रिक्षांच्या मधी लावलीय, कुणी उचलून न्यायच्या आत निघायचंय.

कुणासाठी म्हणजे? आक्कासाठी. माझी थोरली बहीण, बानाबाई. बहीण म्हणायचं आपलं, आईच ती. आई गेली तवा मी दुधावर होतो. बाप मेंढरांमागं, आज ह्या शिवारात तर उद्या त्या. आक्कानं मला कडंवर वागवलं. तिचं लग्न झालं बिडकीनला, तर मला संगट घेऊन गेली. मांडवात बायका हसल्या — नवरी लेकरू घेऊनच आली म्हणून! सासरा म्हणला, 'मेंढी घेतली, कोकरू फुकट आलं.' तर आक्का काय म्हणली ठावं? डोईवरचा पदर तसाच, मान खाली, आन म्हणती, 'कोकराची लोकर बी तुमच्याच घरात यील, मामंजी.' नवी नवरी! सासऱ्याला असं हसू आलं का हातातला विडा पडला. म्हणला, ऱ्हाऊ द्या, दोघं बी ऱ्हाऊ द्या. तशी होती ती. — हाय. तशी हाय.

मी मुंजाबा. ती मुंजा म्हणती. चौथीतून पळालो, तर मारलं नाय तिनं, नुसतं भाकरी वाढताना म्हणली, 'पळालास ते पळालास, आता थांबायचं कुठं ते शिक.' नाय शिकलो अजून.

तर साडीचं. मी कमवाया लागलो तवापासून दर भाऊबीजेला तिला साडी. पयली पिवळी घेतली. ती ओवाळायची, साडी डोळ्याला लावायची आन घडी न मोडता ट्रंकेत ठिवायची. मग त्या साडीला पाय फुटायचे, मावशी. पिवळी गेली नणंदेच्या ओटीत — भागूबाई, गावातच दिलीय. निळी गेली कुणाच्या तरी जावळाला. जांभळी तर एक बाई नेसून येष्टीत माझ्याम्होरं बसली होती. मी वळखली, म्हणलं, 'ही साडी मी घेतलीय!' बाई चप्पल काढून उभी ऱ्हायली. अख्खी येष्टी माझ्याकडं बघतीय, आन मी म्हणतोय, काठाला मोर हाय बघा, मोर हाय! — हसा, हसा. आक्का बी अशीच हसली होती, पोट धरून. मी म्हणलं, हसू नको, मला सांग, तुझी कोणती? म्हणली, 'अरे, घरात चार माणसं येती-जाती, रिकाम्या हातानं लावायची का? तुझ्या साड्यांवर माझी इज्जत चालती.' हे उत्तर हाय का? मी इचारलं, तुझी कोणती — तर माझ्या हातात लाडू दिला. जी डागाची निघंल, ज्या साडीचा धागा निघालाय, जी कुणाच्या ओटीत घालता येत नाय — ती तिची. व्हय. ती तिची.

वाजू द्या तो फोन. दाजींचा असंल. वाजून वाजून थांबंल. तुम्ही शिवा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आम्ही हिंडाया जायचो. वर्सातला तेवढा एक दिवस तिचा. सासूला म्हणायची, पोरांना हिंडवून आणते. पोरं म्हणजे तिची सरू आन मी. मला मिशा फुटल्या, तरी मी पोरांतच. भाकरी, ठेचा, दिवाळीतल्या उरलेल्या करंज्या, सगळं फडक्यात बांधायचं आन येष्टी सुटायच्या कितीतरी आधी आम्हाला नेऊन बसवायचं. कधी पाणचक्की, कधी येरूळ, मकबरा तर किती वेळा. आन एकदा किल्ला, देवगिरीचा. तुम्ही बघितलाय? तिथं अंधारी हाय. दिवसा बी हात दिसत नाय, वरून वटवाघळं फडफड करत्यात आन पायऱ्या एकीसारखी एक नाय. मी आठ-नऊचा असंन. भ्यालो, भोकाड पसरलं. आक्का म्हणली, 'पदर धर. माझा पदर हातात हाय तोवर तू हरवत नाय.' धरला. चाललो. आन मधीच तिचा काठ जोडव्यात अडकला — टर्र! पदराला असा हिसका बसला का मी उडालो. वाटलं, गेली आक्का खाली. मग अंधारातनं आवाज आला, 'मुंजा, पदर सोडलास का रं?' म्हणलं, नाय. म्हणली, 'मग मी कशाची पडते!'

त्या पडापडीत माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं. उजेडात आल्यावर तिनं मला पायरीवर बसवलं, पिशवीतनं सुई काढली, आन सदरा न काढताच लावाया लागली. वरून गवताची एक काडी दिली तोडून — दातात धर. म्हणली, 'अंगावर कापड मेल्या माणसाचं शिवत्यात. जित्याचं शिवायचं तर दातात काडी धरायची. आन काडी दातात हाय तोवर बोलायचं नाय, बोललास का काडी पडंल.' मी आन न बोलणार! पण बसलो. दात करकरून धरली काडी. तिचं डोकं इथं, माझ्या छातीपाशी, दोरा दातानं तोडला तिनं, मला गुदगुल्या झाल्या तरी हू का चू केलं नाय. तिथं एक शहरातली बाई होती, आक्काचा फाटका काठ बघून म्हणली, 'ताई, फॉल लावत जा साडीला, जोडव्यात अडकत नाही.' आक्का खाली वाकली आन त्या बाईच्या काठाला बोट लावून बघाया लागली. कसं बसलंय, कसं चापून बसलंय. मी काडी थुंकून म्हणलं, मी मोठा झालो का तुला लावून आणीन! तर म्हणती — काय म्हणली ठावं? 'येड्या, फॉल लावली का घडी मोडली. फॉल लावलेली साडी कुणाला देता येती का? ती मग माझीच व्हऊन बसंल.'

ती मग माझीच व्हऊन बसंल. असं म्हणली, जसं काय चोरी व्हईल.

— हा बघा, परत वाजतोय. नाय, हा नाय उचलायचा. व्हय, फोटोतली तीच. आक्काच. मला वाचाया धड येत नाय, म्हणून नावाच्या जागी सगळ्यांचे फोटो ठिवलेत. हा मकबऱ्याम्होरचा हाय, उन्हानं डोळे बारीक झालेत बघा तिचे. — उचलू? का, बहीण बोलावतीय म्हणून? मावशी, फोन तिचा हाय. ती नाय. सरू करती तिच्या फोनवरनं, मी दुसऱ्या कुणाचा उचलत नाय ना. मगाशी पैठण रोडवर वाजला तर मी गाडी मधीच थांबवली, मागचा टेम्पोवाला शिव्या घालतोय, आन मी म्हणतोय, 'बोल आक्का!' सकाळी तिला डोळ्यानं बघून आलो होतो, तरी म्हणलं. बोल आक्का. तिकडं पोरगी नुसती रडाया लागली.

दुखणं ना खुपणं. पहाटं अंगण झाडाया उठली, खराटा हातात, उंबऱ्यावर जरा टेकली. टेकली ती टेकलीच. मी गेलो तवा अंगण अर्धं झाडलेलं. अर्धं तसंच. तिच्यापाशी बसणार होतो मी — नुसतं बसणार होतो, मावशी — तर म्हाताऱ्या बायका म्हणल्या, 'बसतोस काय, ऊठ. शेवटचं लुगडं माहेराचं लागतंय. सवाष्ण गेली, हिरवं आण.' बाप जाऊन चार वर्सं झाली. माहेर कोण? मी. ही असली नखं घेऊन मी तिचं माहेर. उठलो. चपला घालतोय तर पडवीत भागूबाई कुणाला तरी म्हणत होती, हळूच, पण आलं कानावर — 'बरी आण म्हणावं. वरून नुसती पांघरायची असती, मग काढून ठिवता येती. द्यायाघ्यायाला व्हती.'

द्यायाघ्यायाला. आता बी! आता तरी, मावशी? — भागूबाई वाईट नाय. तिनंच आक्काचे डोळे झाकले, रडून रडून घसा बसलाय तिचा. तिच्या तोंडून आपलं रोजचं निघालं. बायकांच्या तोंडात बसलेलंच असतं ते. पण मी गाडी चालवतोय आन मला दिसतंय — ही हिरवी उद्या घडी करून ट्रंकेत, परवा कुणाच्या ओटीत, आन तेरवा येष्टीत माझ्याम्होरं बसलीय. म्हणून फॉल. घडी मोडा. पार मोडा तिची. नाव घालता येतं का मशीनवर, तर नाव बी घाला. — नाय व्हत? ऱ्हाऊ द्या, फॉल बास. बायका हसतील, येड्यानं मयताच्या साडीला फॉल लावून आणली म्हणतील. हसू द्या. मी सांगणार हाय, वरून पांघरायची नाय, नेसवा तिला. निऱ्या काढून नीट नेसवा. जोडव्यात अडकायची नाय आता.

सावकाश करा. — मगाशी लवकर म्हणलो? म्हणलो असंन. दोन्ही खरं हाय. ही साडी गेल्याबिगर तिला उचलत नाय कुणी. मी हितं औरंगपुऱ्यात तुमच्या जिन्याखाली बसलोय तोवर ती घरी हाय. तिच्या अंगणात हाय. मी साडी नेऊन दिली का — मग मीच उचलली ना तिला? येताना दोन दुकानं सोडून आलो, मावशी. हिरवी होती तिथं, चांगली होती, उगंच म्हणलं आवडली नाय. चहा घेतला. मयत दारात आन मी उभ्यानं चहा पितोय. असा हाय मी. पण ऊन चढाया लागलंय, आन तिला वाट बघत बसायची लई चीड. येष्टी चुकंल म्हणायची, चला, चला.

मशीन का थांबवली? — नाय, रडू नका तुम्ही. साडीवर पडंल, पुसा आधी. झाला ना पिको? मग राह्यलं काय — हातटाका? किती, एवढाच, हातभर? घाला की मग. — डोळे भरलेत तुमचे, टाका दिसायचा नाय. द्या इकडं. द्या, मला येतो टाका, तिनंच शिकवलाय, सदऱ्याची बटणं मीच लावतो माझी. नाय, फडकं नका बांधू हाताला. लागलं काळं तर लागू द्या. माझ्या हाताचा डाग तिला ठावं हाय. डागाची असली का तशीही तिचीच असती.

ती काडी द्या. ती, झाडूची, तुमच्या पायापाशी पडलीय ती. — दातात धरायला. जित्याचं शिवताना धरत्यात तशी. आक्काला आता मला म्हणता येत नाय, दातात धर म्हणून, तर तिच्या वाटची मी धरतो. फोन वाजला तर वाजू द्या. मला काय इचारू नका आता, मी बोलायचो नाय.

द्या ती काडी.