दमणच्या कोठडीतला तारा

परदेशाचं कसलं कौतुक सांगता गं! आमचा इनासदादा दमणला जाऊन परदेशी तुरुंगात बसला होता. तेव्हा दमण पोर्तुगीजांचं होतं. आम्ही दोघं वसईहून मामाकडे गेलो होतो. शेतात तारा पडल्याचं ऐकलं आणि दादा काठीला लोहचुंबक बांधून शोधायला निघाला. काळा, जड दगड सापडला खरा, पण शिपायांनी त्याला हेर म्हणून धरलं.

मी जेवण घेऊन कोठडीपाशी गेले, तर तिथला पोर्तुगीज साहेब म्हणाला, "उद्या याला गोव्याला पाठवणार." तिकडे नेलेली माणसं वर्षानुवर्षं परत येत नसत.

तेवढ्यात चर्चची संध्याकाळची घंटा झाली. सगळे उभे राहिले, साहेबानेही टोपी काढली. प्रार्थना संपली, की आमच्या घरी सगळ्यांत वडील माणसाचा आशीर्वाद घेतात. दादाने सवयीने गजांतून पहाऱ्यावरच्या म्हाताऱ्या हवालदारापुढे हात जोडले.

"बेसांव द्या, बाबा."

हवालदाराने तितक्याच सवयीने आशीर्वाद दिला आणि मग तो गडबडला. "साहेब, कोंडणाऱ्याकडेच बेसांव मागणारा हेर असतो का? आता याला मी गोव्याला कसा नेऊ?"

साहेबाने कोठडीची किल्ली हवालदाराच्या हातात दिली.

दादा बाहेर आला तो थेट साहेबाच्या टेबलावरच्या जप्त दगडाकडे! मी त्याचा सदरा मागून ओढला.

"दगड इथेच राहील," साहेब म्हणाला. "तोही आमच्या हद्दीत परवान्याशिवाय शिरलाय."