मुखपृष्ठावर धाकटीची ओळ

नको म्हटलं ना — एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, आता काय लिहून देऊ? पुस्तक माझं, आई माझी, आणि मुखपृष्ठावर शाबासकी धाकटीची? तिची ओळ टाकली की पुस्तक उचललं जाईल म्हणतेस — उचलतील गं, तिचं समजून उचलतील, आणि घरी जाऊन बघतात तर लेखिका भलतीच! तुला प्रकाशकांनी जाहिरातीसाठी धाडलंय, तुझं ते कामच, मान्य — पण छपाईआधी ज्यांना वाचायला दिलं, त्या बाकीच्यांनी काय कमी लिहिलंय? वाच की. 'अप्रतिम!' — कोण म्हणालं? ते निवृत्त मास्तर? अगं, त्यांचं पत्र मलाही आलंय! 'अप्रतिम असेल असं वाटलं होतं, पण या आईनं झोप उडवली' — असं आहे ते. तू पुढचं-मागचं कापून तेवढा एक शब्द उचललास? शाळेचं तोंड नाही पाहिलं मी, दुकानांच्या पाट्या वाचत अक्षरं शिकले, पण एवढं कळतं मला. हसू नकोस.

धाकटीला असली कापाकापी लागत नाही, नाही का? तिच्या पुस्तकावर बघ — 'प्रत्येकाला अशी आई मिळो', 'या आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडावंसं वाटलं' — पाठ? छे, पाठ कशाला करू, आपलं नजरेखालून गेलं — अकरावी आवृत्ती ना? बारावी? निघालीसुद्धा! बरं झालं. चांगलं झालं. दोघी एकाच आईच्या, एकाच खोलीत वाढलो — तिच्या पुस्तकात आई केस विंचरताना गाणी म्हणते, माझ्या पुस्तकात उलथनं फेकून मारते. मग लोक कुणाची आई घरी नेणार? खोटं नाही हो लिहिलं तिनं, गायची आई — तिचे केस विंचरताना गायची. माझे मीच विंचरायचे.

आण इकडे तो कागद. तिनं चांगली दोन पानं लिहून पाठवली तुम्हाला, आणि तू काढलंस काय — 'ताईची आई... अविस्मरणीय!' त्या तीन टिंबांत काय गिळलंस ते सांगू? 'ताईची आई मी कधी पाहिलीच नाही. आईचा आवाज चढला की ताई मला अंगणात पिटाळायची आणि आतून कडी लावून घ्यायची. कशासाठी, ते या पुस्तकानं सांगितलं.' — असं आहे ते, आणि तुझं ते 'अविस्मरणीय' पार दुसऱ्या पानावरचं! मला कसं माहीत? मघाशी तू फोनवर बोलायला बाहेर गेलीस, तेव्हा वाचलं. चारदा वाचलं. किती बोलतेस गं फोनवर! इतकी वर्षं मी धरून चालले होते, की हिला सगळं ठाऊक आहे आणि ही मुद्दाम गाणीच तेवढी लिहिते. ठाऊक असतं तर बरं होतं — मनसोक्त जळता तरी आलं असतं. आता काय करू मी? आणि कडीसुद्धा लक्षात ठेवलीन मेलीनं — मी नाही लिहिली ती, माझ्या पुस्तकात नाहीये ती कडी.

काय? छपाई खोळंबलीय? आणि ओळीखाली तिचं नाव हवंच — वर 'लाखो वाचकांची लाडकी लेखिका' हेही? मग नीट ऐक — ओळ पुरती टाक, मधे एक टिंब घालायचं नाही, आणि खाली तिचं नाव नको नि लाखोंची लाडकीही नको, नुसतं 'धाकटी बहीण' असं लिही, थोरलीचं नाव वर मोठ्या अक्षरांत आहेच — ऊठ आता.