चोवीसचं ॲव्हरेज

आरटीओत पासिंगच्या रांगेत माझ्यापुढे एक ताई आणि एक टुरिस्ट गाडीवाला बोलत होते.

"ओ ताई, पंधरा वर्षांची गाडी? भंगारात घाला की!"

"चोवीसचं ॲव्हरेज देते, दादा. रोज सांगवी ते चाकण."

"थापा नका मारू."

"आधीच्या मालकानं हौसेनं रुंद टायर घातले होते, तेव्हा वीस द्यायची. मी परत बारीक टायर बसवले."

"गॅरेज कुठलं?"

"आमच्या बिल्डिंगचं पार्किंग. पाना मीच धरते."

"मग झालंच पासिंग!"

तासाभरानं दोघं परत आले.

"गाडीला अजून पाच वर्षं मिळाली. तुमचं काय, दादा?"

"काचांची काळी फिल्म काढून या म्हणाले. ब्लेड आहे का?"

"आहे ना. माझ्या गाडीची याच ब्लेडनं काढली. सरका, मीच काढते. तुम्ही काच ओरबाडाल."