वीसच्या खाली

आवाज! अहो, आवाजच नाही हो तिला! बटण दाबलं की गाडी चालू झाली असं त्यांनी म्हणायचं आणि आपण मानायचं! सुरुवातीला तर, तुम्हाला सांगतो, चालू गाडी पुन्हा चालू करायला जायचो आणि बंद करून बसायचो. एकदा समोरच्या घरातल्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन पुढून चालल्यात, मी मागून हळूहळू गाडी आणतोय, त्यांना पत्ताच नाही! शेवटी हॉर्न वाजवला, तर पिशवीसकट उडाल्या. "काका, चोरासारखे काय येता?" आता काय सांगणार त्यांना? म्हटलं, वहिनी, मी आलो काय आणि गेलो काय, हल्ली कोणाला कळतच नाही... गाडीमुळे हो! गाडीमुळे म्हणतोय मी. बाकी गाडीबद्दल आपली तक्रार नाही हं. गाडी झकास आहे.

जुनी पेट्रोलची होती ना, ती कोपऱ्यावर वळली की तिचा खोकला वर तिसऱ्या मजल्यावर ऐकू जायचा. आमची ही तो ऐकायची आणि चहाचं आधण टाकायची. मी धापा टाकत दारात, दार उघडं, चहा कपात! स्वतःच्या घराची बेल मी कधी वाजवल्याचं आठवत नाही मला. मग ही गेली, मागोमाग जुनी गाडीही गेली. आता आवाज करणारं कोणी नाही आणि ऐकणारंही नाही, म्हणजे तसं बरोबरच झालं. पण सवय बघा कशी असते, अजून खाली गाडी लावली की मी जरा वेळ आतच बसून राहतो. कशाला? अहो, वर चहा उकळायला वेळ नको का द्यायला?

असो. फायदे सांगतो, फायदे. "पंपावर जायला नको!" असं शोरूमवाला म्हणाला. नको म्हणजे? पंपावर तो मिशीवाला होता, दर वेळी माझ्याकडे बघून म्हणायचा, "काका, झिरो बघून घ्या." एवढंच बोलायचा, पण बोलायचा ना! दुसरा फायदा काय, तर मेकॅनिक लागत नाही. अहो, गाडीला लागत नसेल, मला लागायचा! अर्धा बॉनेटच्या आत घुसायचा आणि आतूनच ओरडायचा, "काका, तुम्ही रिटायर झालात ना, आता हिलाही करा की!" तासभर गाडीला शिव्या घालायचा आणि मला चहा पाजायचा. हिच्यात ऑइल नाही, क्लच नाही, प्लग नाही. बॉनेट उघडलं तर आत रिकामा खण! सामान ठेवायला म्हणे. एकट्या माणसाचं सामान ते किती असणार? छत्री ठेवलीय मी. एवढ्या मोठ्या खणात एक छत्री, वळणावर इकडून तिकडे लोळते बिचारी. पण तक्रार नाही. गाडी झकास आहे.

घेऊन कोणी दिली? चिरंजीवांनी! तो तिकडे, लांब. मी उठतो तेव्हा तो झोपतो, आणि तो उठतो तेव्हा त्याची मीटिंग असते. "बाबा, रविवारी निवांत बोलू." बरं बाबा. कुठला रविवार ते विचारायचं राहून जातं दर वेळी. पण गाडीचं ॲप आहे हो त्याच्या मोबाइलमध्ये! दार लागलंय का, टायरमध्ये हवा किती, बॅटरी किती, सगळं तिकडे बसल्या बसल्या दिसतं. काय एकेक शोध लागलेत! मध्ये मी आठवडाभर तापानं फणफणलो होतो, ते नाही दिसलं त्याला, पण मागच्या डाव्या टायरची हवा कमी झालेली दिसली.

तर एकदा काय झालं, चार्जिंगला लावायचं मी विसरलो. अगदी खरंच विसरलो, देवाशपथ! बॅटरी गेली वीसच्या खाली, तिकडे त्याचा मोबाइल कोकलला, आणि संध्याकाळी माझा फोन वाजला! चिरंजीव!

"बाबा! वीसच्या खाली गेलीय! अशानं आयुष्य कमी होतं!"

"कोणाचं रे?"

"बॅटरीचं, बाबा! आणि शंभर करू नका हं, ऐंशीवर थांबवा. ऐंशीवर तब्येत चांगली राहते तिची."

"बरं. तू जेवलास का?"

"आधी खाली जा, वायर लावा. मी फोनवर आहे."

ऐकलंत? मी फोनवर आहे म्हणाला! मग काय, जिना मी असा उतरलो, असा उतरलो, की एकेका पायरीवर वस्ती केली! खाली जाऊन वायर हातात घेतली आणि मुद्दाम उलटी धरली. "लागली का, बाबा?" "लागत नाही रे..." "उलटी धरलीय का?" "थांब, चष्मा कुठे गेला..." चष्मा नाकावर! आणि मागून नातीचा आवाज आला, "आजोबांना काय झालं?" अहो, त्या गाडीत एवढा फायदा असेल असं शोरूमवाल्यालाही माहीत नव्हतं!

त्या दिवसापासून माझा उद्योग एकच. बॅटरी उतरवणे! तुम्हाला वाटतं सोपं आहे? छे! पेट्रोल सांडता तरी येतं, ही वीज जाता जात नाही. गाडी जागेवर उभी, एसी फुल, दिवे चालू, रेडिओ चालू, सीट गरम करायचं बटण असतं तेही चालू, वरून गार आणि खालून भाजतोय, असा मी दुपारभर बसलेला! वहिनींनी काचेवर टकटक केलं. "काका, बरं आहे ना?" म्हटलं, मजेत आहे, वीसच्या खाली यायची वाट बघतोय. त्या दोन पावलं मागे सरकल्या. बावीस... एकवीस... आणि वाजला की फोन! गाडी झकास आहे!

पण पोरगा माझा हुशार, हाच घोटाळा. एक दिवस म्हणाला, "बाबा, तुमच्या हल्ली लक्षात राहत नाही. मी सोय केलीय." सोय! सोय काय, तर गेटवरचा वॉचमन. बॅटरी तीसवर आली की चिरंजीव परस्पर वॉचमनला फोन करणार, गाडीचं चार्जिंगचं झाकण तिकडूनच उघडणार, आणि वॉचमन वायर लावणार. "तुम्हाला आता खाली उतरायलाच नको, बाबा!"

झालं. वीसच्या खाली जाणं बंद. माझा फोन गप्प. गाडीही गप्प, फोनही गप्प, दोघांचं छान जमलं. परवा गेटातून आत येताना वॉचमन हसत हसत म्हणतो, "काका, पेढे कुठेत? नातीचा पहिला दात पडला ना!" मी म्हटलं, तुला कोणी सांगितलं? "साहेबांनी! फोन झाला की बोलत बसतात हो. घर बदलतायत म्हणाले. पाठ दुखते म्हणाले बसून बसून." पाठ दुखते! मला दर वेळी सांगतो, मजेत आहे!

राग आला हो मला. आला, आणि जिना चढेपर्यंत उतरला. आता काय करतो सांगू? गाडीत बसून बॅटरी तीसपर्यंत आणतो, आणि वॉचमनच्या केबिनमध्ये जाऊन स्टुलावर बसतो. चहा करून नेतो थर्मासमधून, दोघांना. मग त्याचा फोन वाजतो. तो स्पीकर लावतो, मी ऐकतो. नाही, मी इथे आहे हे सांगू देत नाही त्याला! फोन माझ्या हातात आला की पोरगा लगेच टायरवर घसरतो, आणि वॉचमनशी किती मोकळं बोलतो! बोलू दे.

कालच गंमत झाली. वायर लावून झाली, दाताचं झालं, पाठीचं झालं, आणि पोरगा एकदम म्हणाला, "बरं, आमचे बाबा कसे आहेत?" वॉचमननं फोनवर हात ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. काय सांगू, म्हणाला.

काय सांगणार? म्हटलं, सांग त्याला... ऐंशी टक्के आहेत. झकास! तक्रार नाही.