दिगंबरमामांची सुई

मंडळी, मायबहिणींनो, दवाखान्याच्या या वट्यावर आज अख्खं सोनपेठ जमलंय. मी मेंढरं राखणारा माणूस. चार लोकांत बोलायची सवय न्हाई. पर आपल्या जखमा धुऊन पट्ट्या बांधणारे ड्रेसर, दिगंबरमामा गेलेत. बोलावंच लागतंय.

निजामाचं राज जाऊन वरीस झालं असंल, तवाची गोष्ट. माझ्या या उजव्या हातावर उकळतं दूध सांडलं. मनगटापासनं कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. हात गेला तर लोकर कातरायची कशानं? बायकोनं बैलगाडीत घालून इथं आणलं.

मामांनी सुई काढली. टोचली. "दुखतंय का?"

बायको समोर उभी. मी धनगराचा गडी. म्हणालो, "न्हाई."

पुन्हा टोचली. "दुखतंय का?"

"कायबी न्हाई."

मामांचं तोंड उतरलं. बायकोला बाजूला नेऊन काही बोलले. तिनं हंबरडाच फोडला. तवा माझी टरकली. "मामा, खरं सांगू? जीव चाललाय माझा!"

मामांनी आधी शिवी हासडली, मग पोट धरून हसले. "गाढवा, दुखत न्हाई म्हंजे आतली कातडी मेली, हात आखडून बसंल म्हणून सांगून आलो की रे तिला!"

मग समजावलं. वरची कातडी पातळ. ती रोज झडती, रोज नवी येती, बाहेरची घाण आत येऊ देत न्हाई. तिच्याखाली जाड थर. रक्त तिथं, घाम तिथं, केसाची मुळं तिथं, आन दुखणं बी तिथंच. त्याच्याखाली चरबी, आंगातली घोंगडीच ती. "दुखतंय म्हंजे मधला थर जिता हाय. केसाच्या मुळाशी कातडी दडून ऱ्हाती, तिथनंच नवी फुटंल."

फुटली, मंडळी! लेकराच्या गालावानी गुलाबी. पट्टी बदलताना मी येवढा बोंबलायचो की मामा म्हणायचे, "बास रे, कळलं, जिता हाय!" हा बघा हात. केस हायत, घाम येतो. यानंच आजवर कातरणी चालली, पोरीचं लगीन झालं.

मामा भरल्या वयात, पोटभर जेवून, झोपेत गेले. असं जाणं कुणाला मिळतं? माझी कायबी तक्रार न्हाई.

आता उभं राहून घडीभर गप ऱ्हायचं असतं म्हणे. ऱ्हाऊ. पर मघापासनं बघायलोय, आपले गडी दात आवळून रडू दाबून बसलेत. कुणापुढं ही ऐट? मामांनी आत्ता सुई काढून विचारलं असतं, तर काय सांगितलं असतं?

उठा मंडळी. रडू आलं तर रडा.

मामा, दुखतंय. लय दुखतंय.